बाबांचा डावा कान

कान या विषयात मला कोणी काही शिकवावे, अशी परिस्थिती आता राहिलेली नाही. हे मी गर्वाने म्हणत नाही. म्हणजे थोड्या गर्वानेच म्हणते, पण पुराव्यानिशी म्हणते. गेली एकोणीस वर्षे मी कान करते आहे. कोणाचा कान अपघातात गेलेला असतो, कोणाचा भाजलेला असतो, कोणाचा जन्मतःच नसतो. अशा माणसांसाठी रुग्णालयाच्या मागच्या अंगाला कृत्रिम अवयवांची एक कार्यशाळा आहे आणि तिथल्या खिडकीजवळच्या टेबलावर मी सिलिकॉनचे कान घडवते. आजपर्यंत चारशे अकरा झाले. शेजारच्या टेबलावर बोटे होतात, पलीकडे नाके होतात. त्या कामांना मी कमी लेखत नाही. पण नाक हा मुळात सरळ स्वभावाचा अवयव आहे. कान म्हणजे एखाद्याने रागाने चुरगळून फेकलेला आणि मग पश्चात्ताप होऊन अर्धवट उलगडलेला कागद. त्याची प्रत काढायची, तर प्रत्येक चुणी जिथल्या तिथे आली पाहिजे.

आणि माझ्या हातून ती येते. कडेच्या आतली निळसर झाक, पाळीचा गुलाबी रंग, शिरांसाठी घातलेले लाल रेशमाचे तंतू, लहानपणी खिडकीचा कोपरा लागून झालेला व्रण, तीळ, सगळे येते. तीळ नसलेला कान मला करताच येत नाही, असे आमचे डॉक्टर चेष्टेने म्हणतात. ती चेष्टा नसून वस्तुस्थिती आहे, हे मला फार उशिरा कळले.

या व्यवसायात एकच दुःख आहे. काम उत्तम झाले, की ते दिसेनासे होते. बँकेत काम करणारे एक गृहस्थ माझा कान सहा वर्षे लावत आहेत आणि समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला अजून पत्ता नाही. हे त्यांनी मला त्यांच्या बँकेतच हसत हसत सांगितले, मीही हसले, आणि घरी येईपर्यंत माझा चेहरा उतरला. गावभर माझी चारशे कामे हिंडत होती आणि त्यांतले एकही मला कोणाला दाखवता येत नव्हते.

कोणाला म्हणजे, खरे सांगायचे तर, माझ्या सासऱ्यांना.

बाबा वजनमापांचे निरीक्षक होते. तेहतीस वर्षे त्यांनी दुकानादुकानांतून तराजू, मापे आणि काटे तपासले. बरोबर असेल त्यावर शिक्का मारला, चुकीचे असेल ते जप्त केले आणि दोन्ही कामे करताना चेहऱ्यावरची एक रेषा हलू दिली नाही. निवृत्त झाल्यावर शिक्का सरकारजमा झाला, निरीक्षक मात्र आमच्या घरी राहिला. त्यांच्या शब्दकोशात कौतुकाचा एकच शब्द आहे: 'चालेल'. माझ्या हातच्या स्वयंपाकाला हा शब्द लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मिळाला. बैठकीच्या खोलीतल्या पडद्यांना नवव्या वर्षी. माझ्या कामाला कधीच नाही. सून काय करते असे कोणी विचारले, की ते सांगत, "रुग्णालयात असते. प्लॅस्टिकचं काहीतरी करते." यात कुचेष्टा मुळीच नव्हती. जी वस्तू डोळ्यांनी तपासली नाही तिच्यावर शिक्का मारायचा नाही, इतकेच. आणि माझ्या वस्तू तर लोकांच्या डोक्यांवर बसून बाजारहाट करत होत्या.

बाबांनी एकदा माझे काम पाहावे आणि 'चालेल' म्हणावे, एवढीच माझी इच्छा होती. चाळिशी उलटलेल्या बाईने इतक्याशा शब्दासाठी झुरावे हे हास्यास्पद आहे, याची मला जाणीव आहे. पण माणूस कशासाठी झुरेल यावर त्याचा अधिकार नसतो.

अशा वेळी सराफबाई कार्यशाळेत आल्या.

सराफबाईंचे मोठे दुकान आमच्या घरापासून दोन रस्ते पलीकडे आहे. त्यांनी कान टोचण्याचा आणि कानातल्या दागिन्यांचा नवा विभाग काढला होता, आणि त्या विभागाने त्यांच्या डोक्याचा भुगा केला होता. पूर्वी कानाला भोक एक आणि ते पाळीला. त्यात कुडी घाला, डूल घाला, झुबे घाला, विषय संपला. आता तरुण मुले-मुली येतात आणि हेलिक्स मागतात, ट्रॅगस मागतात. तीस वर्षे अनुभव असलेल्या त्यांच्या मुख्य विक्रेत्याने ट्रॅगस मागणाऱ्या एका मुलीला, तो माल संपला असून सोमवारी येईल, असे अत्यंत अदबीने सांगितले होते. ट्रॅगस हा माल नसून स्वतः त्या मुलीच्याच कानाचा भाग आहे, हे त्याला सोमवारी तीच मुलगी परत आल्यावर समजले.

तेव्हा सराफबाईंना कान हवे होते. खऱ्यासारखे, सहा, सगळे डावे, म्हणजे काचेच्या कपाटात एका रांगेत एकाच दिशेला तोंड करून उभे राहतील. प्रत्येकावर टोचण्याचा एकेक प्रकार. पहिल्यावर साधी पाळी. दुसऱ्यावर पाळीलाच ओळीने तीन भोके. तिसऱ्यावर हेलिक्स, म्हणजे कानाच्या वरच्या कडेला बारीक कडी. चौथ्यावर ट्रॅगस, म्हणजे कानाच्या भोकासमोर जो छोटासा कठीण उंचवटा असतो, त्यात एक खडा. पाचव्यावर कॉन्च, म्हणजे कानाच्या मधल्या वाटीत मोती. आणि सहाव्यावर इंडस्ट्रियल: वरच्या कडेला दोन भोके आणि त्या दोहोंतून आडवी गेलेली एकच सरळ दांडी.

"आणि कपाटात तुमच्या नावाची पाटी," सराफबाई म्हणाल्या.

त्या पुढेही बरेच बोलल्या. मला काही ऐकू आले नाही. एकोणीस वर्षे कान केलेल्या बाईचे दोन्ही कान त्या एका वाक्यानंतर बंद झाले होते.

आता प्रश्न होता तो मुळाचा. रुग्णांचे साचे माझ्याकडे शेकड्याने होते, पण ते त्यांचे होते. त्यांना हात लावणे शक्यच नव्हते. कल्पनेने कान करणे मला जमत नाही. उरले घरचे. सासू, सासरे, नवरा, मुलगी, सुटीला आलेली नणंद आणि मी, अशी मोजून सहा माणसे होती. हा योगायोग मला शुभ वाटला. संकटे अशीच नीट मोजून येतात.

सर्वांना मी एवढेच सांगितले की कामासाठी कानाचा साचा हवा आहे. बाकीच्यांनी खुर्चीत बसून, कानावर गुलाबी लगदा थापून घेऊन, मोबाइल पाहत पाच मिनिटे काढली. माझ्या कानाचा साचा नवऱ्याने घेतला आणि त्यापायी माझ्या केसांची एक बट कायमची गेली. बाबांनी मात्र शर्ट बदलला. ताठ बसले. साचा सुकेपर्यंत त्यांनी श्वाससुद्धा हप्त्याहप्त्याने घेतला. मग त्यांनी हलक्या आवाजात विचारले, "ज्यांचे दोन्ही कान नसतात त्यांना दुसऱ्या कोणाच्या तरी कानावरून करून देता ना तुम्ही?"

मी म्हटले, "हो बाबा, तसं करतो, पण हा साचा..."

त्यांनी हात वर केला. "नाव सांगू नकोस. गोपनीय असतं ते. मी सरकारी नोकरी केली आहे."

मी पुन्हा तोंड उघडले. त्यांनी पुन्हा हात वर केला. एका प्रामाणिक माणसाच्या शिस्तीपुढे माझा प्रामाणिकपणा दोनदा उभा राहिला आणि दोनदा खाली बसला. तिसऱ्यांदा मी त्याला उठवले नाही. ही माझी चूक.

दुसऱ्या दिवसापासून बाबा त्या कानाला जपू लागले. सकाळी फिरायला जाताना कानटोपी आली. न्हाव्याला सूचना गेली की डाव्या बाजूला वस्तरा जपून. "ज्या वजनावरून बाकीची वजनं तपासतात त्याला प्रमाण म्हणतात," असे त्यांनी आम्हाला जेवताना समजावले. "प्रमाणाला ओरखडा चालत नाही. आता हा कान प्रमाण आहे." सकाळच्या फिरण्याच्या मंडळींत त्यांनी नाव न घेता, गोपनीयता पाळून, सर्वांना सांगितले की शहरात कोणीतरी एक दुर्दैवी माणूस लवकरच त्यांच्या कानाने हिंडणार आहे. त्या मंडळींतल्या एका वकिलांनी तेव्हापासून त्यांना आधी नमस्कार करायला सुरुवात केली.

इकडे कार्यशाळेत मी त्या कानाला दांडी भोसकत होते.

त्यात माझा काही आकस नव्हता. इंडस्ट्रियलच्या दांडीला वरची कड रुंद आणि भरभक्कम लागते. घरातल्या सहा कानांत तशी कड एकाच कानाला होती. वयाबरोबर कान लांबतो, पाळी उतरते, आतून केस डोकावू लागतात. बाबांच्या कानाला हे सगळे वैभव होते. मी ते सोडले असते तर माझी झोप उडाली असती. चौदा केस मी सुईने एकेक करून बसवले. सराफबाईंनी केस काढता येतील का असे विचारले, तेव्हा मी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले की त्या म्हणाल्या, राहू देत. माझ्या आयुष्यातला तो सर्वोत्तम कान होता. हे मी आजही म्हणते.

उद्घाटन रविवारी होते. गुरुवारी कान कपाटात लागले आणि गुरुवारीच आई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाजी घेऊन त्या रस्त्याने आल्या. घरी आल्यावर पिशवी खाली न ठेवता त्या सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ह्यांचा कान सराफाच्या दुकानात काय करतोय?"

मी विचारले की रस्त्यावरून, काचेबाहेरून, दागिना घातलेला असताना त्यांनी ओळखला तरी कसा.

"अठ्ठेचाळीस वर्षं त्या कानाशी बोलतेय मी," आई म्हणाल्या. "आत काही जात नाही त्याच्या. तो मी विसरेन?"

मी लगेच सराफबाईंना फोन केला. सगळे सविस्तर सांगायला लाज वाटली, म्हणून एवढेच म्हटले की तो सहावा कान विशेष आहे, त्याच्याकडे जरा वेगळ्या दृष्टीने पाहा, तो असा सगळ्यांत मिसळून ठेवू नका. माझा हेतू असा की तो मागे जावा. सराफबाईंनी त्याचा अर्थ असा घेतला की कलाकार आपली उत्कृष्ट कृती सुचवते आहे. शुक्रवारी मी जाऊन पाहते तो बाबांचा कान रांगेतून निघून मधोमध, निळ्या मखमलीच्या उंच ठोकळ्यावर, स्वतंत्र दिव्याखाली विराजमान झाला होता. दांडीला आता एक नाजूक साखळी लावली होती आणि ती पाळीपर्यंत झुलत होती. वयस्क पुरुषाचा कान असा सजलेला कोणी कधी पाहिला नव्हता, त्यामुळे काचेबाहेर माणसे थांबत होती. खाली माझ्या नावाची पाटी होती, चांगली वीतभर.

मला अभिमान वाटला. घाम फुटला होता, तरी त्याच्याखाली अभिमान होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

घरी गुप्त बैठक झाली. नवऱ्याचे मत पडले की बाबांना कार्यक्रमाची वेळ तासभर पुढची सांगावी आणि त्या तासात कान हलवावा. माझी एकोणीस वर्षांची मुलगी हसून हसून खुर्चीवरून घसरली. तिला गेले वर्षभर हेलिक्स टोचून घ्यायचे होते आणि 'कानाला भोक एक, ते झालेले आहे' असे सांगून आजोबांनी तो अर्ज फेटाळला होता. त्याच आजोबांचा कान दोन भोके पाडून दिव्याखाली बसला आहे, या विचाराने तिला इतका आनंद झाला की तिचा सल्ला घेण्यात अर्थ उरला नाही. आई म्हणाल्या, "खरं काय ते सांग. तिथे चारचौघांत कळलं तर त्यांना फार लागेल."

ते मला पटले. बाबांनी त्या कानाचा शब्द दिला होता, फिरायला येणाऱ्या मंडळींना. ज्या माणसाने आयुष्यात एक तोळा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, तो माझ्यामुळे खोटा ठरणार होता.

शनिवारी सकाळी मी सांगायचेच असे ठरवून त्यांच्या खोलीत गेले. बाबा शर्टाला इस्त्री करत होते. माझ्याकडे न पाहता, कॉलरवरून इस्त्री फिरवत ते म्हणाले, "पाहिल्याशिवाय मी बोलत नाही. म्हणून इतकी वर्षं तुझ्या कामाबद्दल काही बोललो नाही. तुला वाटलं असेल म्हाताऱ्याला किंमत नाही. उद्या पाहतो."

मी म्हटले, इस्त्री जास्त तापली आहे, आणि बाहेर आले.

रविवारी पाचला दुकान भरले होते. नवऱ्याने सांगितलेली सहाची वेळ बाबांनी निमंत्रणपत्रिकेवरून तपासून दुरुस्त केली होती आणि ते पावणेपाचलाच आले होते, सोबत ते नमस्कार करणारे वकील. बाबांच्या डोक्यावर कानटोपी होती. दुकानात शिरताच त्यांनी ती काढून खिशात ठेवली आणि दुसऱ्या खिशातून घडीचे भिंग बाहेर काढले. ते पाहून गर्दी आपोआप बाजूला झाली. निवृत्त निरीक्षक चालू लागला की दुकानदार अजूनही बाजूला होतात, हे मी त्या दिवशी पाहिले.

ते रांगेच्या टोकापासून सुरू झाले. पहिल्या कानापाशी वाकले, भिंगातून पाहिले आणि वळून आईंना म्हणाले, "हा तुझा. पाळीचं भोक लांबट झालंय, त्या मोठ्या झुब्यांनी." आई लाजल्या. दुसरा त्यांनी लेकीचा म्हणून ओळखला, तिसरा मुलाचा. त्याची कड वरून दुमडलेली आहे ती जन्माच्या दिवसापासून, असे वकिलांना सांगितले. चौथ्यापाशी त्यांनी ट्रॅगसमधला खडा पाहिला आणि नातीकडे रोखून पाहिले. तिने ताबडतोब केस मागे घेऊन स्वतःचा मोकळा कान दाखवला. पाचव्यापाशी ते सर्वांत जास्त वेळ थांबले.

"हा तुझा स्वतःचा," ते म्हणाले. "कड जरा बाहेर आली आहे. दिवसभर कानावर पेन्सिल असते तुझ्या."

मी कानावर पेन्सिल ठेवते हे मला माहीत नव्हते. हात लावून पाहिला तर ती तिथे होती, उद्घाटनालासुद्धा.

मग बाबा सरळ उभे राहिले. भिंग मिटले. माझ्याकडे वळून, भर दुकानात, सराफबाई आणि वकिलांच्या देखत म्हणाले, "चालेल. पाचही."

काय वाटले ते लिहिता येत नाही. कानावरची पेन्सिल मी काढली आणि पुन्हा तिथेच खोचली, इतके सांगते. तेवढ्यात सराफबाई, देव त्यांचे भले करो, मधुर आवाजात म्हणाल्या, "आणि हा आमचा मुख्य."

बाबा मधल्या कानाकडे वळले. आईंनी माझे मनगट धरले. दुकानातल्या प्रत्येकाला एव्हाना दिसले होते: ठोकळ्यावरचा कान आणि त्याच्यासमोर वाकलेला बाबांचा डावा कान, मध्ये हातभर अंतर, तोच कल, तीच लांबी, तीच उतरलेली पाळी, तेच चौदा केस. फरक एका दांडीचा आणि साखळीचा. वकिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

बाबांनी भिंग उघडले. समोरून पाहिले. डावीकडून पाहिले. मग त्यांच्या डोळ्यांत ती जुनी नजर आली, जी पूर्वी काटा मारणाऱ्या दुकानदारांनी पाहिली असेल.

"हा घाईत केलास," ते म्हणाले.

मी म्हटले, "बाबा, तो..."

"सांगतो. राग मानू नकोस." त्यांनी आवाज खाली आणला, माझी चूक चारचौघांत नको म्हणून त्यांचा तो आटापिटा होता, पण दुकान इतके शांत झाले होते की साखळीची किणकिणसुद्धा ऐकू यावी. "इतका लांब कान माणसाला नसतो. पाळी बघ, मेण ओघळावं तशी. आणि हे केस. कानातून असे केस बाहेर आलेले कधी पाहिलेस? बाकीच्या पाचांत हा बसत नाही. नामंजूर."

मागे कोणीतरी खोकले. माझी मुलगी काउंटरखाली दिसेनाशी झाली. सराफबाई बाबांच्या कानाकडे, मग ठोकळ्याकडे, मग माझ्याकडे पाहत होत्या आणि त्यांचे ओठ 'अहो' या अक्षरांसाठी जुळत होते. मी त्यांच्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली.

कारण त्या क्षणी मला उमगले. एकोणीस वर्षांत मला जे रोज दिसत होते ते मी पाहिलेच नव्हते. तयार झालेला कान पसंत करायला रुग्ण नेहमी बायकोला, नाहीतर भावाला घेऊन येतो. कारण स्वतःचा कान कसा होता, हे ज्याचे त्याला कधीच ठाऊक नसते. आरशात माणूस समोरून पाहतो. बाबांना आपला कान आठवत होता तो लग्नाच्या फोटोतला, पंचविशीतला, टापटीप. खरे काय ते सांगायला एक वाक्य पुरले असते. पण वकील शेजारी उभे होते. आणि बाबा माझ्याकडे ज्या काळजीने पाहत होते, ती काळजी माझ्या पाटीची होती.

"त्यात कसर राहिली बाबा," मी म्हटले.

माझ्या सर्वोत्तम कामाबद्दल हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने उच्चारले. मनगटावरची आईंची पकड सैल झाली.

"असू दे," बाबा म्हणाले. "सहापैकी पाच. पण तुझ्या नावाखाली असला कान राहता कामा नये, काढ तो. आणि घरात प्रमाण असताना बाहेरचा कान कशाला घ्यायचा? माझा साचा आहे ना तुझ्याकडे? त्या रुग्णाचं काम झालं असेल, तर त्याच साच्यावरून एक इथे कर. दांडी घाल, साखळी घाल. माझी हरकत नाही. तुझ्या कामासाठी आहे."

मी कान ठोकळ्यावरून उचलला, कापसात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. आठ दिवस ठोकळा रिकामा होता.

त्या आठ दिवसांत मी काय केले हे सांगायला संकोच वाटतो. साचा बाहेर काढला. नवे सिलिकॉन घोटायला घेतले. मग तोच कान समोर ठेवून तासभर भिंगातून पाहिला की यात सुधारायचे काय. काही सापडेना. एक केस इकडचा तिकडे करण्यासारखा नव्हता. नवव्या दिवशी मी तोच कान, तीच दांडी, तीच साखळी नेऊन पुन्हा त्याच ठोकळ्यावर बसवली आणि बाबांना निरोप धाडला.

बाबा आले, वकिलांना घेऊन. भिंग उघडून त्यांनी सावकाश पाहिले. समोरून, डावीकडून, उजवीकडून. दांडी आडवी समतल आहे की नाही हे डोळा बारीक करून तपासले. मग भिंग मिटून ते मागे सरले आणि त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषा, तेहतीस वर्षे नोकरी आणि चौदा वर्षे निवृत्ती यांत न हललेली, हलली.

"बघ," ते म्हणाले. "याला म्हणतात कान. लांबी भरदार आहे. केस घेतलेस ते फार चांगलं केलंस, अनुभवी वाटतो. चालेल."

मुलीने ती संधी साधली. प्रमाणाला दोन भोके चालली, तर त्या प्रमाणावरून पुढच्या पिढीला एक जास्तीचे चालावे, असा मुद्दा तिने अत्यंत आदराने मांडला. बाबांनी अर्धा मिनिट विचार केला. प्रमाणाविरुद्ध निकाल देणे त्यांच्या रक्तात नाही. तिचे हेलिक्स गेल्या महिन्यात झाले, बारीक कडी आहे, छान दिसते, आणि ती सरळ बसली आहे की नाही हे दर रविवारी भिंगाखाली तपासले जाते.

रुग्णाच्या बाबतीतले खरे मी बाबांना सांगणार आहे. योग्य वेळ पाहते आहे. बाबा गोपनीयता इतकी कडक पाळतात की ती वेळ येऊच देत नाहीत.

सध्या ते सकाळी फिरून येताना मंडळींना मुद्दाम दुकानावरून आणतात. परवा मी कामाला जाताना पाहिले, काचेसमोर आठ-दहा कानटोप्या उभ्या होत्या आणि बाबा काठीने कपाटाकडे दाखवत होते. माझी पाटी त्यांनी सर्वांना मोठ्याने वाचून दाखवली. मी अभिमानाने दोन पावले पुढे सरकले.

"पहिला कान पार बिघडवला होता तिने," बाबा सांगत होते. "मी लक्षात आणून दिलं, तेव्हा कुठे हा जमला. पण सांगितलेलं ऐकते हो सून. शिकायची तयारी आहे तिची."

मंडळींनी वळून माझ्याकडे कौतुकाने पाहिले. वकिलांनी मला धीर दिला की अजून वय आहे, येईल हळूहळू. मी म्हटले, हो, प्रयत्न चालू आहे.